एमजीबीचं सस्पेन्शन: पॉलीचे बुश आणि टेलिस्कोपिक शॉकअप खरंच टिकतात का?

अर्धा_पाऊण_पाना (प्रश्न)

मंडळी, गाडी १९७२ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची, क्रोम बंपरवाली. वापर इंग्लंडमध्येच, वर्षाला अडीच-तीन हजार मैल, हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यावर शक्यतो काढत नाही. सध्या तक्रारी अशा:

स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडे 'टक' असा आवाज. मोटरवेवर साठच्या पुढे गाडी किंचित भरकटते, स्टिअरिंग सतत सांभाळावं लागतं. मागून ड्रायव्हरच्या बाजूला पाऊण इंच बसलेली दिसते. पुढच्या उजव्या लिव्हर आर्म शॉकअपमधून (दांडीने हलणारा जुन्या पद्धतीचा तेलाचा शॉकअप) तेल झिरपतंय.

एका दुकानाने सगळं एकदम बदला असं सुचवलंय: पूर्ण गाडीचा पॉलीयुरेथेन (पॉली, कडक प्लास्टिकचा) बुश सेट, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या गाद्या, मागे टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे) शॉकअप, पुढे एक इंच खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी). मूळ पद्धतीचे रबरी बुश आता फार वाईट बनून येतात, वर्षा-दोन वर्षांत फाटतात, असंही तिथे सांगितलं. यातलं कशाने खरोखर फरक पडतो, काय किती टिकतं आणि कुठे पैसे पाण्यात जातील? आराम थोडा कमी झाला तरी चालेल, पण गाडी ठोकळा व्हायला नको.

ग्रीसगन

आधी एक पैसाही खर्च न करता टायर बघा. १६५ रुंदीच्या रेडियलला कंपनीच्या पुस्तकात नेहमीच्या वापरासाठी पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दिलंय. पंपावर आजच्या गाड्यांच्या सवयीने ३२-३५ भरून देतात. तेवढी हवा भरलेल्या गाडीवर सस्पेन्शनबद्दल काहीही मत बनवू नका. पुस्तकापेक्षा थोडी जास्त, पण २४-२६ वर आणा आणि टायरवरचा तारखेचा चार आकडी शिक्का वाचा. नक्षी शाबूत असली तरी दहा-बारा वर्षांचा टायर लाकडासारखा होतो, आणि भरकटण्याचं अर्धं कारण तिथेच सापडतं.

त्यानंतर टक आवाज. एमजीबीत पुढे तो देणाऱ्या तीन जागा आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी, म्हणून सेट मागवायच्या आधी नेमकी जागा शोधा. स्प्रिंग पॅनखाली (पुढची स्प्रिंग ज्यावर बसते ती ताटली) जॅक लावून चाक जमिनीपासून उचला, चेसिसखाली घोडी द्या. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं तो उभा खांब) किंवा त्याच्या खालच्या पिनचा, आणि कोणता ते बोट ठेवून कळतं: किंगपिनची खालची टोकाची जागा आणि विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारी आडवी दुबेळकी) यांच्या सांध्यावर अंगठा ठेवा, हलताना सरक जाणवते. तिसरी जागा म्हणजे विशबोनच्या आतल्या टोकाचे बुश. तिथे क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर टांगलंय तो आडवा तुळईसारखा भाग) आणि विशबोन यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी सळई) घालून हलकं ढकला. रबर चिरडून बाहेर आलंय का, भोक लंबगोल झालंय का, ते डोळ्यांना दिसेल.

विशबोनच्या बुशचा खेळ स्पीडब्रेकरवर सगळ्यात आधी ऐकू येतो, मोटरवेवर नाही. किंगपिनचा खेळ मात्र दोन्हीकडे त्रास देतो. तुमच्याकडे दोन्ही तक्रारी आहेत, तेव्हा मला किंगपिनवर संशय आहे.

उलटा_पाटा

दुकानाने एकगठ्ठा यादी दिली की समजायचं, गाडीची तपासणी कोणी केलेली नाही. एक-एक घेऊ.

बुश. रबर की पॉली, हा प्रश्न बुशच्या हालचालीवर सोडवा. एमजीबीच्या पुढच्या खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाला मूळचे दोन तुकड्यांचे साधे रबरी बुश असतात, एका गाडीला आठ तुकडे. ते कशाला चिकटवलेले नसतात, म्हणून घासतात आणि चिरडतात. १९७३ ते ७६ च्या व्ही८ एमजीबीवर कंपनीनेच याऐवजी स्टीलची नळी आत असलेले, रबर चिकटवलेले एकसंध बुश घातले, गाडीला चार. ते तुमच्या विशबोनमध्येही बसतात, आणि माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीला हाच सगळ्यात शहाणा पर्याय. साध्या रबरापेक्षा घट्ट, पॉलीपेक्षा शांत, ग्रीस लागत नाही.

पण बसवण्यात सगळी मेख आहे. हे बुश सरकत नाहीत, रबर पिळ खातं. आतली नळी नटने आवळली की ती जागची हलत नाही, रबर फक्त पिळतं. म्हणजे गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना नट आवळलात, की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहणार. वर्षभरात कडेला फाटतं, आणि लोक म्हणतात बनावट भिकार. शेवटचं आवळणं गाडीचा भार चाकांवर असताना किंवा निदान स्प्रिंग पॅन जॅकने उचलून नेहमीच्या उंचीला आणून करायचं. खाचांचा नट आहे, स्प्लिट पिन नवी घालायची, खाच जुळली नाही तर नट ढिला करू नका, पुढे एक खाच आवळा. बुश आत ढकलायला लांब बोल्ट, मोठे वॉशर आणि साबणाचं पाणी. रबराला साधं ग्रीस लावलंत तर ते फुगून सडेल. दोन्ही बाजूंना सारखं बाहेर दिसेल असं मध्ये बसलं पाहिजे.

पॉली हा वाईट माल नाही, पण तो न पिळता नळीवर फिरतो. म्हणून ग्रीस लागतं, सिलिकॉनचं किंवा सेटसोबत येतं ते. सुकलं की चिमणी ओरडते. मीठ-पाण्याने एका हिवाळ्यातही सुकतं. मी पॉली अँटी-रोल बारच्या दोन माउंटवर बिनदिक्कत घालतो. तिथे हालचाल थोडी, ताण जास्त, आराम जराही कमी होत नाही, फायदा लगेच जाणवतो. मागच्या पाट्याच्या (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) पुढच्या डोळ्यात मात्र नको. पाट्याला अ‍ॅक्सलबरोबर थोडं वळावं लागतं, तिथे कडक बुश त्याला अडवतो आणि रस्त्याचा सगळा गुणगुणाट फरशीत पाठवतो. पाट्याच्या मागच्या शॅकलला (पाटा टांगणारी झुलती कडी) पॉली चालतो.

आणि रबर बनावटीचा मुद्दा खरा आहे. आजकालचे काही रबरी तुकडे कमी खऱ्या रबराचे आणि जास्त भरावाचे असतात, शॅकलमधले तर खूपच लवकर चपटे होतात. हातात घेऊन नखाने दाबा, खड्डा लगेच परत भरला पाहिजे. वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर परत करा. जुना, न वापरलेला मूळ माल मिळाला म्हणून हुरळूनही जाऊ नका, पाकिटात चाळीस वर्षं पडलेलं रबरही म्हातारंच असतं. तुमच्यासारख्या वर्षाला तीन हजार मैलांच्या गाडीत बुश मैलांनी संपत नाहीत, वयाने आणि चुकीच्या बसवणीने संपतात.

गॅरेज_आजोबा

किंगपिनबद्दल कोणी खोलात गेलं नाही, म्हणून लिहितो. एमजीबीला दर बाजूला तीन ग्रीस निप्पल आहेत, किंगपिनला वर-खाली दोन आणि खालच्या पिनला एक. दर ३,००० मैलांनी ग्रीस द्यायचं. क्रॉसमेंबरखाली जॅक लावून चाक लोंबकळवलं की किंगपिनवरचा भार उतरतो, तेव्हाच थ्रस्ट वॉशरच्या फटीत ग्रीस शिरतं. स्प्रिंग पॅनखाली जॅक लावून गन मारलीत तर ग्रीस बाजूने निघून जातं आणि नेमकी जी जागा झिजते ती कोरडी राहते. आणि एक लक्षात ठेवा, ट्रायम्फच्या पितळी ट्रनियनला गिअर ऑइल लागतं, ते इथे लागू नाही. एमजीबीला ग्रीसच. लोक मंचांवर वाचून उलटसुलट करतात.

आता चूक कुठे होते ते बघा. किंगपिनच्या खालच्या टोकातून एक नळी जाते, तिच्यातून बोल्ट, आणि दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर. बोल्ट आवळला की विशबोनचे दोन पत्रे नळीला चिमटीत धरतात आणि किंगपिन नळीवर फिरतो. नळी किंगपिन आणि वॉशर यांच्यापेक्षा अगदी थोडी लांब असली तरच ते फिरणार. पुस्तकी फट ०.००८ ते ०.०१३ इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. बाजारातली काही नळकांडी आखूड येतात. आवळलं की पत्रे किंगपिनलाच दाबतात, सांधा जाम होतो आणि हालचाल दुसरीकडे वाट काढते. बोल्ट विशबोनच्या भोकात फिरू लागतो आणि भोकं अंड्यासारखी होतात. मग विशबोनही बदलायचा. म्हणून जोडण्यापूर्वी नळी, वॉशर आणि किंगपिनची रुंदी व्हर्नियरने मोजा. आवळल्यावर किंगपिन हाताने, थोडा जड पण अडखळ न होता, हलला पाहिजे.

किंगपिनचे बुश नवे घातल्यावर स्टेप रीमरने एका रेषेत रीम करावे लागतात, वर-खाली वेगळ्या मापाचे. रीमर नसेल तर हे काम गॅरेजला द्या किंवा बुश बसवून तयार केलेला भाग घ्या. ड्रिलला एमरी गुंडाळून घासणाऱ्याकडे जाऊ नका. वरचा अक्षीय खेळ वॉशरची जाडी निवडून काढायचा असतो.

पुन्हा ट्रॅकिंग (चाकांची दिशा जुळवणं) करून घ्या. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला आत झुकलेली, १/१६ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.६ ते २.४ मिमी.

डँपरदास

शॉकअपबद्दल माझं म्हणणं उलट आहे, तेवढं आधीच सांगतो. टेलिस्कोपिक म्हणजे आधुनिक आणि लिव्हर आर्म म्हणजे जुनाट, असं समीकरण डोक्यातून काढा.

पुढचा लिव्हर आर्म नुसता डँपर नाही, तोच वरचा विशबोन आहे. बाजारातल्या बहुतेक पुढच्या टेलिस्कोपिक सेटमध्ये तो तिथेच राहतो, आतली व्हॉल्व्ह काढून रिकामा करतात आणि नवा शॉकअप बाहेरून जोडतात. म्हणजे शाफ्टचा बुश झिजला असेल तर तो झिजलेलाच राहणार, कँबरही (चाकाचा उभा कल) बिघडलेलाच. मूळ दुखणं तसंच ठेवून एक वरचा खर्च. तुमची गळती आहे ती शाफ्टच्या सीलमधून, आणि सील सहसा एकटं जात नाही, आधी शाफ्टचा बुश ढिला होतो आणि मग सीलला हलवत बसतो. तेव्हा ते युनिट रिबिल्डच करावं लागेल.

रिबिल्ड घेताना विचारा: शाफ्ट नवा किंवा घासून नीट केला का, बुश नवे का, सील आधुनिक का? नुसतं धुऊन, रंगवून, नवं तेल भरून विकणारे पुष्कळ आहेत. घरी आल्यावर बसवण्याआधी आर्म हाताने पूर्ण वर-खाली फिरवा. सगळीकडे सारखा जडपणा हवा. दिशा बदलताना जरा जागा मोकळी वाटली तर आत हवा आहे. वरचं प्लग काढून २० वजनाचं मोटरसायकल फोर्क ऑइल भरा, आर्म सावकाश हलवत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. इंजिन ऑइल नको, जाड होतं आणि थंडीत गाडी दगड होते. क्रॉसमेंबरवर चार बोल्ट असतात, ४३ ते ४५ पौंड-फूट. दोन्ही बाजू एकाच वेळी करा, एकच नवा घातला तर गाडी वळणावर दोन्ही हातांना वेगळी वागते.

मागे मात्र टेलिस्कोपिक हा रास्त पर्याय आहे, कारण तिथे लिव्हर आर्म फक्त डँपर असतो, काढला तर काही हरवत नाही. दोन अटी. एक, ब्रॅकेट जाड प्लेटचं असावं आणि भोकं खेळमुक्त. हलकं ब्रॅकेट वाकतं आणि टकटक सुरू होते. दोन, बंप स्टॉप (हालचालीच्या टोकाला आदळणारी रबरी गादी) आणि अ‍ॅक्सलला फार खाली जाऊ न देणारा पट्टा शाबूत असले पाहिजेत. ते गेले तर शॉकअपच प्रवासाची शेवटची हद्द बनतो, वरच्या टोकाला आदळून आतून मोडतो, आणि दोष शॉकअपला जातो. समायोजनवाला घेतलात तर सगळ्यात मऊ टोकापासून सुरू करा, दोन क्लिक वर, मग फिरवून बघा. दुकानात सगळे मध्यावर ठेवून देतात, आणि एमजीबीच्या वजनाला तेवढं खूप होतं.

मूळ मागचे लिव्हर आर्म ठीक असतील तर त्यांना हात न लावता सुद्धा चालेल. मी स्वतः मागे मूळच ठेवेन, पण टेलिस्कोपिक लावणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही.

उलटा_पाटा

पाट्यांबद्दल आणखी. ड्रायव्हरच्या बाजूला बसणं सहसा पाट्याचं असतं, पण आधी खात्री करा. सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा, आकडे लिहून ठेवा. मग पुढचा क्रॉसमेंबर मधोमध जॅकने थोडा उचला, जेणेकरून पुढची दोन्ही चाकं गाडीला आडवं तोलून धरणार नाहीत, आणि मागचं माप पुन्हा घ्या. फरक गेला तर दोष पुढच्या स्प्रिंगचा होता. तसाच राहिला तर मागचा पाटा.

एकच पाटा बदलू नका. जोडीच घ्या आणि एकाच लॉटची. नव्याने बनवलेल्या पाट्यांची कमान बऱ्याचदा जास्त येते, गाडी मागून उंच उभी राहते, मग लोक घाबरून लगेच कमी करायला धावतात. दोन-तीनशे मैल चालवा, पाटा बसतो, मग पुन्हा मोजा. त्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, पण अ‍ॅक्सलच्या रबरी पॅडचा चुरा होईल इतके नाही. शॅकल बोल्टचं शेवटचं आवळणं इथेही चाकांवर भार असताना.

मूळचे पाटे चांगल्या पोलादाचे असतील आणि पानं तुटलेली नसतील तर पाटेवाल्याकडून कमान देऊन घेणं हा उपायही आहे. भारतात फियाट-अँबॅसिडरवाले अजून हेच करतात. पण नुसतं थंड हातोड्याने वाकवलेली कमान परत बसते. योग्य तापवणं आणि पुन्हा कडक करणं झालं तरच टिकते. इंग्लंडात तसा कारागीर सापडला तर नशीब. एक बारकावा: पानांमधला गंज सोडवून, घासून, पातळ ग्रेफाइट ग्रीस लावलं तर पाटा आधीपेक्षा मऊ वाटतो, आणि लोक चुकून समजतात की पाटा थकला.

पुढच्या एक इंच खालच्या स्प्रिंगांना माझा स्पष्ट नकार. १९७४ च्या मध्यानंतर आलेल्या रबर बंपरच्या गाड्या उंच उभ्या केल्या होत्या, त्यांना खाली आणण्यात अर्थ आहे. तुमची क्रोम बंपर आधीच बरोबर बसलेली आहे. आणखी खाली आणलीत तर एग्झॉस्ट स्पीडब्रेकरला लागेल, आणि तो आवाज कोणत्याही टक आवाजापेक्षा महाग असतो. शिवाय बंप स्टॉपपर्यंतचा प्रवास कमी होतो, मग मऊ रस्त्यावरही गाडी आपटते. स्प्रिंग बदलायचीच असेल तर रोडस्टर आणि जीटी (कायम छताची एमजीबी) यांची गल्लत करू नका. कारखान्याच्या मापात रोडस्टरची मोकळी उंची सुमारे ९.९ इंच आणि जीटीची ९.१, पण जीटीची जास्त कडक. दुकानांतून ही अदलाबदल होते, डब्यावरचा नंबर नाही, फुटपट्टीने मोजा.

अँटी-रोल बारचं काम शेवटी बघा, सगळं नवं झाल्यावर. पुढे पाऊण इंची बार पुरेसा होतो. त्याहून जाड आणि मागे बार नसेल तर ओल्या रस्त्यावर पुढचा भाग वळणात सरळ जायला बघतो.

ग्रीसगन

स्प्रिंगबद्दल एक सावधगिरी. पुढची स्प्रिंग काढताना स्प्रिंग पॅनखालचा जॅक हा एकमेव आधार असतो. जॅक पॅनच्या मध्यावर, निसटणार नाही असा, आणि स्प्रिंगमधून साखळी क्रॉसमेंबरला बांधून ठेवा. पॅनचे बोल्ट निघाल्यावर दोन उलट कोपऱ्यांत लांब आट्याचे रॉड घालून हळूहळू खाली उतरवा. सुटलेली स्प्रिंग हाड मोडते.

कागदपत्रांचंही बघा. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी (इंग्लंडमधली सक्तीची वार्षिक तपासणी) नाही, पण मोठा बदल केला असेल तर सूट राहत नाही, आणि सस्पेन्शनची पद्धत बदलणं त्यात येऊ शकतं. बुश, रिबिल्ड, त्याच जातीचे पाटे यांचा प्रश्न नाही. टेलिस्कोपिकबद्दल विमा कंपनीला मात्र आधीच कळवून ठेवा. एमओटी लागत नसली तरी दर वर्षी स्वेच्छेने करून घ्या, खेळ पकडायला तेवढं स्वस्त दुसरं काही नाही.

अर्धा_पाऊण_पाना

सगळ्यांचे आभार. सुट्टीच्या दिवशी तपासलं. टायर १४ वर्षांचे निघाले, हवा ३४ होती. डावा किंगपिन ब्रेक दाबूनही टकटकतो, खेळ खालच्या पिनचा आहे, आणि विशबोनच्या पुढच्या पत्र्यातलं भोक लंबगोल झालंय. उजवी बाजू ठीक. क्रॉसमेंबर मधोमध उचलल्यावर मागचा फरक तसाच राहिला, म्हणजे पाटा. एकाच बाजूचा विशबोनचा पत्रा बदलला तर चालेल का? आणि आठ तुकडे काढून व्ही८ बुश घालायला विशबोनचे पत्रे वेगळे करावे लागतात का?

गॅरेज_आजोबा

लंबगोल पत्रा एकट्याने बदलता येतो, फक्त पुढचा आणि मागचा वेगळे असतात, उलटे घेऊ नका. पत्रे पॅनपासून सुटतात, एकदा वेगळे केले की बुश बाकावरच दाबून घाला, ते गाडीखाली पडून करण्यापेक्षा निम्म्या वेळात होतं. नवा पिन, नवी नळी, दोन्ही बाजूंचे वॉशर एकदमच, आणि जोडताना ती पाव मिलिमीटरची फट मोजून. उजवी बाजू ठीक असली तरी तिला ग्रीस द्या, उजव्या चाकाला लोंबकळवून.

टायर आधी. बाकी सगळं नवं करून जुन्या टायरवर ट्रॅकिंग करून घेतलंत, तर पुन्हा पैसे द्यावे लागतील.